पाठीनं पारखलेला ढोल

"ढोल डोयानं पाहू नये, पाठीनं आयकावा," असं कडूबा म्हणायचा. अमडापुरातल्या बँडचे सगळे ढोल त्यानंच शिवणीच्या लाकडातून कोरलेले. नवा ढोल घ्यायचा तर आसपासचे वाजवणारे पारखायला त्यालाच बोलवत. तो भिंतीकडे तोंड करून बसे. चकाकी पाहिली की कान फसतात म्हणून.

चौसष्ट साली बँडमालक शालिग्रामनं मुंबईहून मेपल नावाच्या परदेशी लाकडाचा ड्रमसेट आणला. त्यातला मोठा ढोल सरस ठरला, तर कडूबाचे ढोल माळ्यावर जाणार होते. कडूबानं आपला एक ढोल आणि तो मेपलचा, दोन्ही स्वतःच्या हातानं सारखे ताणले आणि तो भिंतीकडे वळला.

शालिग्रामनं एक वाजवला, मग दुसरा.

"दुसरा!" कडूबा हसला. "पोटातून बोलून राह्यला. शिवणीची बरोबरी थे तुह्यं मेपल काय करन बे?"

जमलेल्या वाजवणाऱ्यांपैकी कोणीच हसलं नाही.

"काऊन गप झाले बे सारे?" म्हणत कडूबा वळला. शालिग्रामची काठी मेपलवर टेकलेली होती.

कडूबाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं पुढं होऊन त्या ढोलावर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. मग चपला तिथंच ठेवून तो बाहेर पडला.