शिरीषाच्या बुडाशी कट्टा

आमच्या चौकातल्या बागेचं काम माळीणमावशीकडे आलं ते तिचा नवरा गेल्यावर. बागेचा माळी तोच होता. तापानं आठ दिवसांत आटोपला. नवा माणूस मिळेपर्यंत झाडांना पाणी तेवढं घालत जा, असा निरोप रहिवाशांच्या मंडळानं तिला धाडला. नवा माणूस कुणी शोधलाच नाही. मावशीनं एकवीस वर्षं पाणी घातलं.

बाग म्हणजे जुन्या दगडी घरांनी चारी बाजूंनी वेढलेला चौकोन. मधोमध शिरीषाचं झाड. दुपारी त्याची सावली थेट आमच्या गॅलऱ्यांत उतरायची. कोपऱ्यात अवजारांची विटांची खोली होती, तिच्यात एका भिंतीला फावडी आणि दुसऱ्या भिंतीला मावशी व तिची मुलगी. मावशी गोड स्वभावाची होती असं मी म्हणणार नाही. फूल तोडणाऱ्या हातावर ती फटका मारी, मग तो हात कुणाचाही असो. मी स्वतः दोनदा खाल्लाय.

मग मंडळाला नवे चिटणीस मिळाले. नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले, नीटनेटके गृहस्थ. त्यांना कुठूनसा चौकाचा शंभर वर्षांपूर्वीचा फोटो सापडला. जुन्या वस्त्यांमधल्या बागांची स्पर्धा जाहीर झाली होती, आणि बाग हुबेहूब फोटोसारखी करायची असं त्यांच्या मनानं घेतलं. फोटोत शिरीषाच्या बुंध्याभोवती गोल दगडी कट्टा होता. अवजारांची खोली नव्हती.

झाडाखालीच सभा भरली. खोली पाडायचं ठरलं तेव्हा मावशी गप्प होती. कट्ट्याचा विषय निघाला तशी ती उठली.

"साहेब, खोलीचं तुम्ही बघा. पण बुंध्याशी सिमेंट भरू नका. मुळं गुदमरतील. आधीचा कट्टा मुळांनीच फोडला होता, म्हणून आमच्या मालकांनी तो काढला."

चिटणीस शांतपणे म्हणाले, "मावशी, झाडाला दमा आहे का?"

सगळे हसले. मीही हसले.

खोली पाडायला दोन मजूर लावले. राडारोडा बाहेर टाकण्यापेक्षा कट्ट्याच्या पोटात भरावा, असं चिटणीसांनी सुचवलं. मजूर कमी पडतात म्हणून मावशीला हात लावायला सांगितलं. आपल्या चुलीमागची काळी पडलेली भिंत तिनं घमेल्यात भरून वाहिली आणि झाडाच्या बुडाशी ओतली. कामाला तीन दिवस लागले. आम्ही गॅलरीतून पाहत होतो. चहा द्यावा असंही कुणाच्या मनात आलं नाही.

मुलीचं लग्न एव्हाना झालं होतं; मावशी तिच्या सासरी राहायला गेली. पुढच्याच महिन्यात हिरवळीचं काम एका कंपनीला दिलं आणि तिला येऊ नका म्हणून कळवलं. परीक्षक आले त्या दिवशी ती ठेवणीतले कपडे घालून फाटकाशी आली. चिटणीसांनी तिला समजुतीनं सांगितलं, की आज फोटो आहेत, आत उगाच गर्दी नको. ती कुंपणाबाहेर उभी राहिली. तिची नजर माझ्याकडे गेली, तेव्हा मी एका परीक्षकांना पाणी हवं का ते विचारायला वळले. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं.

तिसऱ्या वर्षी शिरीषाची पानं पिवळी पडू लागली. शेंड्याच्या फांद्या वाळल्या. चिटणीसांनी फवारण्या केल्या, खतं घातली. त्यांचा जीव त्या झाडात खरोखरच होता. त्यांची बायको अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली, आणि तिची खाट त्यांनी खिडकीतून झाड दिसेल अशी लावलेली. अखेर ते स्वतः मावशीकडे गेले. ती तेव्हा एका दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची. त्यांनी हात जोडले म्हणतात.

मावशी मुलीला घेऊन आली. कट्ट्याला तिनं एक फेरी मारली, मग वर चढून बुंध्याची साल नखानं खरवडली, दोन-तीन ठिकाणी.

"मेलंय," ती म्हणाली. "कुणाच्या अंगावर पडायच्या आत तोडा."

"कट्टा फोडला तर?" चिटणीसांनी विचारलं.

"उशीर झाला, साहेब."

झाड तोडायला चार दिवस लागले. बुंध्याला करवत लागली तेव्हा भुसा ओला पडत होता. कामगारांपैकी एक जण म्हणाला, की यात जीव आहे अजून. चिटणीस शेजारीच उभे होते. ते वळले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं आपली खाट भिंतीकडे फिरवून घेतली, आणि ती वारली तोवर खाट तशीच होती.

पुढचं मला मावशीच्या मुलीनं सांगितलं. ती माझे कपडे शिवते. मावशीनं साल खरवडली त्या दिवशी घरी जाताना ती आईला म्हणाली, "आई, सालीखाली हिरवं होतं. मी पाहिलं."

"हो."

"कट्टा फोडला असता तर वाचलं असतं?"

"वाचलं असतं. पण फोडायला मलाच बोलावलं असतं. माझीच भिंत मी पुन्हा उचलायची?"

"आणि त्या आजारी काकूंनी तुझं काय केलं होतं?"

"काही नाही," मावशी म्हणाली. घरी जाऊन ती पोटभर जेवली. मुलगी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही, पण त्यानं मावशीला काही फरक पडला नाही.

हे सांगताना मुलगी माझ्या बाहीचं माप घेत होती. टेप तिनं जरा जास्तच घट्ट ओढली.

आता दुपारी गॅलरीत बसवत नाही. दगड तापतात आणि हिरवळ जळून गेली आहे. मागच्या आठवड्यात मावशी रस्त्यात भेटली. मी तिला थांबवलं आणि ऊन कसं सोसत नाही ते सांगत बसले. खरं तर मला माफी मागायची होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"जाड पडदे लावा," ती म्हणाली आणि कामावर निघून गेली.