कुरुंदा ते अंटार्क्टिका, व्हाया बर्फ फॅक्टरी

लेथखालचा लोखंडी चुरा आणि वर्कशॉपमधले किस्से, दोन्हींचं सारखंच आहे. संध्याकाळी झाडून काढावेत, तर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुन्हा ढीग तयार. त्यात आमचं वर्कशॉप कुरुंद्याच्या रस्त्यावर. रोजचं काम हळद शिजवायचे कुकर आणि हळदीला पॉलिश करायचे ड्रम बनवायचं. आणि मी सांगतोय त्या वर्षी आम्ही बनवत होतो अंटार्क्टिकात बर्फ खोदायचं ड्रिल! आता ढीग साचणार नाही तर काय होणार?

माणसं तीनच. मालक बापूराव, ज्यांनी आयुष्यात कुठल्याच गिऱ्हाइकाला "जमणार नाही" म्हटलेलं नाही. लेथवर रशीदचाचा. आणि मी दिगंबर, डिप्लोमा पास. म्हणून ड्रॉइंग वाचायचं काम माझ्याकडे आणि चुकलं की बोलणी खायचंही माझ्याकडेच.

*

सुवर्णा मॅडम म्हणजे गावची भाची. आई कुरुंद्याची. ध्रुवावरच्या बर्फाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत त्या शास्त्रज्ञ आहेत. सुट्टीत मामाच्या कुकरचा व्हॉल्व्ह घ्यायला आल्या. चाचा तेव्हा एका पाइपवर पत्र्याची पट्टी स्क्रूसारखी गोल गोल चढवत होते. मॅडम व्हॉल्व्ह विसरल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"बापूमामा, मला हेच स्टेनलेसमध्ये पाहिजे. खाली दाते. बर्फात फिरवलं की आत बर्फाचा अखंड दांडा भरून वर आला पाहिजे."

"देऊ की बनवून. पण त्या दांड्याचं करता काय तुमी?"

"जपून भारतात आणतो. हजारो वर्षांपूर्वीची हवा असते त्यात अडकलेली."

बापूराव विचारात पडले. "जहाजातून बर्फ आणता?"

"हो."

"फ्रीजमधी ठेवून?"

"हो."

"म्हंजी फ्रीज हाय तुमच्यापाशी. मंग घरीच काहून जमवत न्हाई?"

मॅडम पोट धरून हसल्या. पण खरी गोष्ट त्यांनी जाताना सांगितली. त्यांच्या मोठ्या साहेबांचा देशी ड्रिलवर काडीचा विश्वास नव्हता. साहेब स्वतः येऊन चाचणी घेणार होते. अखंड दांडा निघाला तर ड्रिल जाणार आणि ते चालवायला मॅडम जाणार. दांडा मोडका निघाला तर ड्रिल परदेशी आणि मॅडमच्या जागी दुसरंच कोणी. "किती वर्षं माझा नंबर लागायची वाट बघतेय, मामा," एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून बापूरावांनी ते ड्रिल मनावर घेतलं.

*

पहिली नळी तयार झाली. मॅडमनी तिच्यावरून पांढरं फडकं फिरवलं. फडकं पिवळं! आमच्याकडे कपाट, पंखा, पाण्याचा माठ, सगळ्यांवर हळदीचा थर असतो. आमचं तिकडं लक्षही जात नाही.

"मामा, आम्ही त्या बर्फात जुन्या काळातली धूळ शोधतो. त्यात हळद सापडली तर मी जगाला काय सांगू?"

बापूरावांनी नळी उचलली आणि थेट आपल्या घरी नेली. मागच्या खोलीत धुतलेल्या चादरीवर ठेवली आणि काकूंना हुकूम सोडला की, ड्रिल जाईपर्यंत घरात हळदीचा डबा उघडायचा नाही. बिचाऱ्या काकूंनी पाळलं. रोज पांढरं वरण, पांढरी भाजी. मग एक दिवस डबा द्यायच्या निमित्तानं त्या स्वतःच वर्कशॉपवर आल्या आणि मॅडमला बाजूला घेऊन म्हणाल्या, "लेकरा, तुहं मशीन लवकर घेऊन जाय बाई. गल्लीतल्या बाया इचारून राहिल्या, घरात कोणाचं सुतक हाय म्हणून."

*

मे महिन्यात मॅडमनी उशीएवढे जाड हातमोजे पाठवले. तिकडं मोजे काढले तर बोटं कामातून जातात. म्हणून ड्रिलचा प्रत्येक नट ते मोजे घालूनच खोलता आणि लावता आला पाहिजे, अशी अट होती.

झालं! वर तापलेले पत्रे, खाली रशीदचाचा, हातात ते मोजे, दाढीतून घाम ठिबकतोय आणि तोंडात नट धरलेला. तेवढ्यात साखऱ्याहून एक पाव्हणे पेरणीयंत्राचा फण घेऊन आले. चाचांना नीट न्याहाळून त्यांनी मला विचारलं, "ह्यांच्या हाताला काय झालं?"

"काही नाही. तिकडं लई थंडी असते ना, त्याची प्रॅक्टिस चालू आहे."

पाव्हण्यांनी वर पत्र्याकडं बघितलं, मग चाचांकडं बघितलं आणि आवाज बारीक करून म्हणाले, "कधीपासून थंडी वाजून राहिली ह्यांना?"

गाव केवढं ते! दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्यानं आम्हा दोघांचा चहा काचेच्या ग्लासात पाठवला आणि चाचांचा वेगळा, कागदी कपात. चाचांनी तो मोजे घालूनच प्यायला.

*

सरावासाठी आम्ही वसमतच्या बर्फ फॅक्टरीत जायचो. सुरुवातीला दांडा काही अखंड निघेना, तुकडेच पडायचे. पण काय सुरेख तुकडे! गोल, गुळगुळीत, एका मापाचे. शेजारचा रसवंतीवाला ते गोळा करून न्यायचा, कारण ते त्याच्या ग्लासात बरोबर बसायचे.

आठवड्याच्या आत तो ऑर्डर द्यायलाच आला. "मला बी एक बनवा. पण जरा बारीक." बापूरावांना "जमणार नाही" म्हणता येतच नाही, हे मी आधीच सांगितलंय. त्यांनी टेप काढला आणि त्याच्या ग्लासाचं माप घेतलं.

मी मॅडमना फोन केला. "मॅडम, आपल्या ड्रिलला दुसरं गिऱ्हाईक मिळालं."

मॅडमचा आवाज एकदम भरून आला. "खरंच? कोणती संस्था?"

"रसवंती."

*

मग अख्खं ड्रिल कडक थंडीत ठेवून फिरवून बघायचं होतं. एवढं मोठं गार कपाट आणायचं कुठून? बापूरावांना आठवलं की एका दवाखान्यात मयत ठेवायची पेटी आहे. विचारायला काय जातं, म्हणून ड्रिल धुळीपासून जपायला पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं, टेम्पोत आडवं ठेवलं आणि निघालो.

तिथला माणूस टेम्पोजवळ आला. पांढऱ्या कपड्याकडं बघून त्यानं टोपी काढली. "कोण गेलं?"

"ड्रिल मशीन," बापूराव म्हणाले.

त्याला रोजची सवय. तो पुढं विचारता झाला, "वय?"

"नवंच हाय. अजून फिरलं बी न्हाई."

परवानगी मिळाली नाही, हे सांगायला नकोच. मॅडमना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मामा, ती थंडी माणसांना पुरते, आपल्या ड्रिलला पुरली नसती." शेवटी नुसता मोटरीचा भाग एका आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये कुल्फीशेजारी राहिला. सकाळी फिरवला तर फिरला. थोडा पिस्त्याचा वास येत होता, पण फिरला.

*

आणि मग चाचणीचा दिवस.

आमच्याकडून आजवर एकही मशीन नारळ फोडल्याशिवाय बाहेर पडलेलं नाही. पण मॅडमनी आदल्या दिवशीच बापूरावांना ताकीद दिली होती. ड्रिलला कुंकू नाही, फूल नाही, नारळ नाही. पाण्याचा एक थेंब उडाला तरी नळी पुन्हा साफ करावी लागेल. बापूरावांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली, "मशीनला काहीच करणार न्हाई."

लग्नसराईमुळं बर्फ फॅक्टरीत चांगल्या लाद्या तीनच उरल्या होत्या. दोन आमच्या. तिसरी जवळा बाजारच्या एका लग्नाची, आणि नवरीचे मामा ती न्यायला टेम्पो घेऊन दारात उभे. मोठे साहेब आले. उंच, गंभीर, बोलणं अगदी कमी. हातात पेन आणि मंजुरीचा कागद.

पहिली लादी उभी केली. दांड्याचे तुकडे निघाले. साहेबांनी पुढच्या लादीकडं बोट केलं. मॅडमचा चेहरा बघवेना.

दुसरी लादी. चाचांनी जीव मुठीत धरून ड्रिल खाली सोडलं, वर घेतलं, फळीवर हळूच आडवं केलं. दांडा बाहेर सरकला. अख्खा! वरपासून खालपर्यंत कुठं तडा नाही. मॅडमनी तोंडावर हात धरला. साहेब चष्मा लावून मोजायला वाकले.

आणि फाट् असा आवाज आला.

बापूरावांनी नारळ फोडला होता. त्या बर्फाच्या दांड्यावर! दांड्याचे दोन तुकडे, नारळाचे दोन तुकडे आणि पाणी साहेबांच्या बुटावर.

"मशीनला न्हाई फोडला, मॅडम," बापूराव आनंदानं म्हणाले. "बर्फाला फोडला."

मग त्यांचं त्यांनाच कळलं. मॅडम तिथंच एका पालथ्या क्रेटवर बसल्या आणि सरळ रडायला लागल्या. बापूराव दोन्ही हातांत दोन वाट्या धरून उभे. "लेकरा, लई मोठी चूक झाली माही," म्हणाले. मलाही फार वाईट वाटलं. एवढ्या दिवसांची मेहनत त्या ओल्या फरशीवर पडली होती.

साहेबांनी रुमालानं बूट पुसला. "मोजायच्या आत मोडला. हा मला धरता येणार नाही. आणखी बर्फ आहे?"

सगळ्यांनी नवरीच्या मामांकडं बघितलं. बापूराव त्यांच्यापुढं हात जोडून उभे राहिले. काय चाललंय ते मामांना समजलं नव्हतं, पण रडणारी पोरगी दिसत होती.

"घ्या," मामा म्हणाले. "पर मधलंच घ्या. बाकीची लादी आमाला पायजे. वऱ्हाड येऊन बसलंय, पाणी गरम हाय."

तिसरी लादी उभी केली. बापूरावांना चाचांनी बाहेर काढलं. ते दारापलीकडं, हात पाठीमागं बांधून, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. ड्रिल खाली गेलं. ड्रिल वर आलं. दांडा फळीवर सरकला.

अख्खा.

मामांनी भोक पडलेली लादी टेम्पोत घातली आणि एक शब्द न विचारता निघून गेले. साहेबांनी दांडा मोजला. फिरवून बघितला. उचलून उजेडाकडं धरला. परत फळीवर ठेवला. मग पेनाचं टोपण काढलं, आणि थांबले.

"त्या बापूरावांना आत बोलवा."

बापूराव मान खाली घालून आले.

"दुसरा नारळ आणलाय का?"

"न्हाई साहेब. आईशपथ न्हाई. खिसे बघा माहे."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

"मग आणा. तोवर मी सही करत नाही."