उलट्या वाटेचं पेन्शन

नाशिकरोड स्टेशनवर मला निरोप द्यायला नोटांच्या प्रेसमधली माझी अर्धी तपासणी शाखा लोटली होती. हार झाले, पेढे झाले, गळाभेटी झाल्या. सहासष्ट वर्षांचा रिटायर माणूस विलायतेला निघालाय हे बघायची तेव्हा कुणाला सवय नव्हती. पोरं जायची आणि म्हातारे फलाटावर उभे राहून डोळे पुसायचे. इथे म्हाताराच डब्यात बसलेला. गाडी हलता हलता सुखदेव, माझा जन्माचा चेष्टेखोर दोस्त, ओरडला, "नाना, मार आता मजा लेकाच्या जिवावर!" मला काय अवदसा आठवली कोण जाणे. खिडकीतून ओरडलो, "लेकाच्या जिवावर नाही रे, स्वतःच्या पेन्शनवर!" फलाटावर टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांपायी मी तुम्हाला पुढची चार वर्षं पत्रांतून थापा मारत आलो. म्हणून हे लिहितोय. तिथे राहिलेल्या तुम्हा मंडळींसाठी, आणि माझ्यासारखे पिकल्या वयात पोरांच्या मागे देश सोडून आलेले जे कुणी असतील त्यांच्यासाठीही.

पेन्शनचं एवढं काय, असं ज्यांच्या घरात ते आधीपासून होतं त्यांना वाटेल. आमच्या घरात माझ्याआधी कुणाला पगारच नव्हता, तर पेन्शन कुठलं? सायखेड्याच्या आमच्या वस्तीतून आई संध्याकाळी टोपली घेऊन गावात भाकरी मागायला जायची. दिवसभर गावकीची कामं करायची आणि मजुरी म्हणून दारोदार उभं राहायचं. मी तिचं लुगडं धरून मागे असायचो. भाकरी हातात देत नसत, वरून टाकत. पुढे धर्म बदलला त्या वर्षी आईने ती टोपली चुलीत घातली आणि मला म्हणाली, "बाबा, आता आपल्यात कुणी हात पसरायचा नाय." मी तेव्हा प्रेसमध्ये चिकटलेला होतो. तीसेक वर्षं कोऱ्या नोटांचे कागद तपासले आणि रोज संध्याकाळी गेटवर झडती देऊन स्वच्छ खिशाने बाहेर पडलो. रिटायर झालो त्या महिन्यात पेन्शन हातात पडलं तेव्हा मला आईचीच आठवण झाली. आता मरेपर्यंत कुणाच्या तोंडाकडे बघायला नको.

बायको गेली आणि अशोकने हट्टच धरला. अशोक माझा एकुलता एक. वुल्व्हरहॅम्प्टन नावाच्या गावात इस्पितळात डॉक्टर आहे, घरी बायको आणि एक मुलगी. व्हिसाच्या मुलाखतीत मला सांगावं लागलं की मी संपूर्णपणे मुलावर अवलंबून आहे. तसं म्हटल्याशिवाय म्हाताऱ्या बापाला येऊ देत नाहीत. ते वाक्य मी इंग्रजीत म्हटलं, म्हणून ते खरं नाही असं मनाशी धरलं.

इथे आल्यावर पहिल्याच रविवारी जेवणाच्या टेबलावर कायदा करून टाकला. पेन्शन नाशिकरोडच्या बँकेत जमा होईल, परवानगीचे कागद झालेलेच आहेत, दर तीन महिन्यांनी त्याचा पौंडांत ड्राफ्ट येईल, आणि तो घरखर्चाला जाईल. अशोक हसला. सून शैला हसली नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "चालेल, नाना." तेव्हा सोळा-सतरा रुपयांना पौंड होता. दीडशेच्या आसपास पौंड यायचे. घरातलं दूध, भाजी, अंडी आपली, असा मी मनात हिशेब केला होता. त्या काळात मी दुसरी पोळी मागून घ्यायचो आणि टीव्हीवर मला हवं ते लावा म्हणायचो.

आमच्या भागात देशी लोकांची एक बँक आहे. तिच्या काचेवर रोज सकाळी रुपयाचा भाव लिहितात. आत रांगेत सगळे पंजाबी, गुजराती, घरी पैसे पाठवणारे. पौंड अठरावर गेला त्या दिवशी रांगेत दिवाळी होती. तेवढेच पौंड टाकले की गावाकडे बापाच्या हातात जास्त रुपये पडणार. एक जण मला टाळी द्यायला आला. मीही दिली. मग माझा नंबर लागला. खिडकीतल्या पोरीने विचारलं, "किती पाठवायचे, अंकल?" मी म्हटलं, पाठवायचे नाहीत, आलेत. तिला कळेना. तिने आतल्या साहेबाला हाक मारली. तोही क्षणभर ड्राफ्टकडे बघत राहिला, कारण सगळ्यांचे पैसे इथून तिकडे जातात, माझे एकट्याचे तिकडून इकडे येत होते. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. माझी कानशिलं तापली.

त्यानंतर पौंड चढतच गेला. वीसचा झाला, बावीसचा झाला, पंचविसाच्या घरात गेला. रांगेतले लोक खुशीत. मी रस्त्याच्या पलीकडून भाव वाचून परत फिरायचो. प्रेसमध्ये नोटेवर एक ठिपका इकडचा तिकडे असला तरी आम्ही तो कागद बाजूला काढायचो. आमच्या हातून गेलेल्या नोटेत खोट नव्हती, शप्पथ सांगतो. तरी ती इथे येईपर्यंत हलकी व्हायची. तिकडे महागाईभत्त्याचे पाच-पंचवीस रुपये वाढले की सुखदेव कळवायचा, "नाना, चैन आहे तुझी!" नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ड्राफ्ट शंभरावर आला. मी दूध माझ्या हिशेबातून काढलं, मग अंडी काढली. दुसरी पोळी बंद केली. म्हटलं, वयाला झेपत नाही. शैलाने द्राक्षं आणली की म्हणायचो, दिंडोरीची द्राक्षं खाल्लेल्या माणसाला ही आंबट लागतात. खरं तर गोड होती. तुम्हाला मात्र मी लिहीत होतो की घरात माझा शब्द चालतो.

मग एकदा ड्राफ्ट नव्वदवर आला. मी तो टेबलावर ठेवला. शैलाने आकडा वाचला. हात पुसून जवळ येऊन बसली आणि फार मऊ आवाजात म्हणाली, "नाना, या खेपेला तुमच्याकडेच ठेवा ना. तुम्हाला लागतील." ती तोंडावर टाकून बोलली असती तर मी भांडलो असतो. या मऊपणापुढे काय करणार? जिना चढून खोलीत गेलो आणि दार लावून बसलो. दार लावायला ती खोली तरी कुठे माझी होती?

त्या दिवशी ठरवलं, परत जायचं. तेच महिन्याचे आठशे रुपये सायखेड्यात मला मानाने पोसतील. इथे मी मिंधा, तिथे मालक. पण विमानाचं तिकीट पौंडांत. वर्षभराचं पेन्शन ओतलं तरी ते पुरं पडेना. म्हणजे मिंधेपणातून सुटायचं तर आधी लेकापुढेच हात पसरायचा. आगीतून फुफाट्यात.

इथे आपल्या धम्मबांधवांत पुष्कळ पंजाबी आहेत. त्यांतल्या मोहिंदरचं घाऊक भाजीचं गोदाम आहे. त्याला मी काम मागितलं. तो बिचकला, पण म्हणाला, "अंकल, बैठे बैठे प्याज छांटना है, बस." म्हणजे नाशिक सोडून सात समुद्रांपार येऊन मी कांदेच निवडायला बसलो. मांडीवर गोणपाट टाकायचं, सडका इकडे, चांगला तिकडे. घरी सांगायचो, वाचनालयात जातो. हाताला वास यायचा. शैलाने एकदा नाक मुरडून बघितलं तर म्हटलं, तिथे शेजारी एक म्हातारा बसतो, डब्यात कच्चा कांदा आणतो. असल्या थापा मारायला मी या वयात शिकलो. ती कामावर, नात शाळेत, म्हणून निभत गेलं.

मोहिंदरची आई अशोकच्या वॉर्डात भरती झाली आणि बिंग फुटलं. मोहिंदरने कौतुकानेच सांगितलं, आपके पिताजी बडे मेहनती हैं. अशोक तसाच गाडी काढून गोदामात आला. मी खोक्यावर बसलेला, नाकाला धार, मांडीवर कांदे. बाकीचे मजूर उठून उभे राहिले. त्यांतल्या दोघांना अशोकने तपासलेलं होतं. ते एकदा त्याच्याकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. अशोकने खाली वाकून माझ्या मांडीवरचं गोणपाट उचललं, घडी घातली आणि बाजूला ठेवलं.

गाडीत त्याने विचारलं, "कशासाठी, नाना?"

"तिकिटासाठी. घरी जायचंय मला."

त्याची मान लाल झाली होती. आमच्या घराचं वळण आलं ते चुकवून तो तसाच पुढे गेला. मग म्हणाला, "एकदा म्हणाला असतात मला." एवढंच. जी लाज मला माझ्या अंगावर नको होती ती मी चार माणसांत त्याच्या अंगावर टाकली होती. आठ दिवसांत त्याने तिकीट आणलं. जाण्याचं आणि येण्याचंही. माझे कांद्याचे पैसे त्याने माझ्याच खिशात घातले.

नाशिकरोडला तुम्ही मला पुन्हा हार घातलात. चहाचे पैसे मी कुणाला देऊ दिले नाहीत, कांद्याची कमाई तिथेच उडवली. पौंडवाले नाना म्हणालात, मी हसलो. तिथेही खरं बोलायची छाती झाली नाही. मग सायखेड्याला बहिणीकडे गेलो. भागा माझ्याहून धाकटी, दोन एकरांत नवऱ्याबरोबर राबते. पहिल्या आठवड्यात मी बँकेतून पेन्शन काढून आणलं आणि त्यातले दोनशे रुपये तिच्यापुढे धरले. ती चुलीपुढे भाकरी थापत होती.

"हे काय, दादा?"

"घरखर्चाला. राहतोय, खातोय तुझ्याकडे."

"माझ्या घरी काय खाणावळ हाय?" हात पिठाचे म्हणून तिने मनगटाने माझा हात बाजूला सारला. मग भाकरी तव्यावर टाकून विचारलं, "तिकडं अशोकला बी असंच देतो व्हय?"

"देतो," मी म्हटलं, आणि मोठ्या तोऱ्यात म्हटलं. "आईने सांगितलं होतं, हात पसरायचा नाही."

भागा माझ्याकडे बघतच राहिली. "आई तुझ्याकडं क्वार्टरमधी मरस्तवर राहिली. तिनं कवा दिलं व्हतं तुला?"

"आईचं वेगळं."

"काय येगळं? हात पसरायचा नाय, हे गावापुढं म्हनायची ती. ज्यांनी भाकर वरून टाकली त्यांच्यापुढं. तू लेकाचं घर त्यांच्यात धरलं व्हय रं दादा?"

भाकरी फुगली आणि तिने ती माझ्या ताटात घातली. खरंच की. आई माझ्याकडे इतकी वर्षं राहिली. एकदा मी कामावरून आलो तर उंबऱ्यात बसून म्हणाली होती, "मला हिरव्या काठाचं लुगडं पायजे, जुनं इरलं." मागताना तिचा आवाज पडला नव्हता. मला ओझं वाटलं नव्हतं, उलट त्या आठवड्यात मी प्रेसमध्ये दोघाचौघांना सांगत सुटलो होतो की आईसाठी लुगडं घ्यायचंय. तो आनंद मी अशोकला चार वर्षांत एकदाही होऊ दिला नाही. दर तीन महिन्यांनी त्याच्या टेबलावर भाडं मोजून ठेवत राहिलो, आणि माझ्या मानाला शोभेल म्हणून शैला ते मुकाट्याने घेत राहिली. रुपया पडला म्हणून मी लाजत होतो. लाजायचं कारण निराळंच होतं.

भागा राहा म्हणत होती. सुखदेवने तर भाड्याची खोलीही बघून ठेवली होती. तिथे मला कुणाकडे काही मागायला लागलं नसतं, हे खरं. पण मग कळलं की घर कुठलं हे आता तसं ठरत नाही. सायखेड्यात मी पैसे देऊन राहू शकतो. न देता, आवाज न पाडता ज्याच्याकडे मागता येईल, असं माझं माणूस आता वुल्व्हरहॅम्प्टनलाच आहे, आणि त्याच्याकडे मी अजून एकदाही मागितलेलं नाही. परतीच्या तिकिटावर परत आलो.

पेन्शन आता नाशिकरोडच्या बँकेतच पडू देतो. भागाची नात शिकतेय, तिची फी त्यातून जाते. बँकेच्या काचेवरचा भाव मी अजून वाचतो. सवय आहे.

आलो त्या आठवड्यात थंडी पडायला लागली होती. शैला कणीक मळत होती. मी दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन मागे फिरलो. तिसऱ्यांदा आत गेलो आणि म्हटलं, "शैला, मला बूट घ्यायचेत. जुन्यांतून पाणी आत येतं. पैसे नाहीत माझ्याकडे." शेवटचं वाक्य म्हणताना कानशिलं तापली, खोटं कशाला सांगू, आताही लिहिताना तापतायत.

तिने मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज रोजचाच होता.

"शनिवारी जाऊ, नाना," ती म्हणाली, आणि पुन्हा कणीक मळायला लागली.