शेवटच्या गल्लीचं पान

माझ्या खाटेखाली पुस्तकांचे दोन गठ्ठे पडले आहेत. त्यांच्यामुळं झाडू आत जात नाही, आणि वाकून ते ओढायचे म्हटलं तर गुडघे नको म्हणतात. पुस्तक मीच लिहिलेलं आहे. आमच्या गावाच्या आठवणी आणि इतिहास, कव्हरवर देवळाचा फोटो, आत माझं मनोगत. बरेच दिवस मला त्याच्याकडं बघवत नव्हतं.

जिंतूर तालुक्यातल्या या गावच्या शाळेत मी तीसेक वर्षं शिकवलं. लग्न होऊन इथं आले, नोकरीही इथंच लागली, आणि रिटायर झाल्यावर जायला दुसरं गाव नव्हतं. एक दिवस सरपंच घरी आले आणि म्हणाले, "बाई, गावाचा इतिहास लिहायचा हाय. तुमच्याशिवाय कुणाला जमायचं न्हाई." हे वाक्य नोकरीत इतक्यांदा ऐकलं होतं की तिथंच सावध व्हायला हवं होतं. जनगणना, मतदार यादी, पोलिओचे डोस, काहीच माझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही. तरी हो म्हणून बसले. मला मेलीला नाही म्हणता येत नाही.

पुस्तक चैत्रातल्या यात्रेत निघायला हवं, असं ठरलं. म्हणून दिवाळी झाली तशी मी वही घेऊन फिरायला लागले. सोयाबीन घरात आलेलं, माणसं दुपारी ओट्यावर निवांत सापडायची. प्रत्येक घरात चहा, आणि प्रत्येक घरात एक पराक्रमी आजोबा. एकाच्या आजोबांनी निजामाच्या तहसीलदाराला भर कचेरीत गप्प केलेलं, दुसऱ्याच्या आजोबांनी त्याच तहसीलदाराला पुरणपोळी खाऊ घातलेली. एका घरात पेटीतून उर्दू कागद काढून दाखवले. ते कुणालाच वाचता येत नव्हते, पण त्यात आपल्या घराण्याचा मोठेपणाच लिहिलेला आहे, याबद्दल घरात एकमत होतं. मी सगळं उतरवून घेत गेले. पोटात चहा डचमळायचा आणि मनगट दुखायचं.

सगळ्यात चांगलं प्रकरण बारवेचं झालं. गावाबाहेर ही जुनी पायऱ्यांची विहीर आहे. बहात्तरच्या दुष्काळात ती गाळानं भरलेली होती, आणि तो गाळ काढल्यावर खाली पाणी लागलं म्हणून गाव तगलं. वरच्या गल्लीतल्या मोठ्या घरानं सांगितलं की बारव त्यांच्या आजोबांनी साफ केली. उन्हात छत्री घेऊन ते दिवसभर काठावर उभे असायचे. मी दोन पानं रंगवून लिहिली. छत्रीसुद्धा घातली.

शेवटच्या गल्लीत मी एकदाच गेले. तिथं सगळ्या दारांना कुलपं होती, आणि कुत्री आत शिरू नयेत म्हणून उंबऱ्यावर बाभळीची काटी टाकलेली होती. ही गल्ली दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाते आणि चैत्र-वैशाखात परत येते. मला काय हे माहीत नव्हतं? तीस वर्षं दिवाळीनंतर अर्धा वर्ग रिकामा बघितलेला. त्या मुलांच्या नावापुढं गैरहजर, गैरहजर असं लिहीत जायचं आणि फार दिवस झाले की नाव कमी करायचं, हे काम मीच केलं होतं. तरी त्या दिवशी वहीत 'घरं बंद' एवढं लिहिलं आणि ऊन चढायच्या आत घरी आले. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. तेवढे चहा वाचले.

पुस्तक यात्रेत निघालं. नारळ फुटला, भाषणं झाली, माझ्या अंगावर शाल पडली. पंधरा दिवसांनी शेवटच्या गल्लीचे ट्रॅक्टर परत आले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी एक बाई उसाच्या चार कांड्या घेऊन माझ्या दारात आली. चेहरा रापलेला, हातावर पाचटाचे ओरखडे. मी ओळखलं नाही. मग तिनंच सांगितलं, "बाई, मी तुमच्याकडं तिसरीपस्तोर हुते." मामाच्याच घरी दिली होती तिला, म्हणून माहेर-सासर एकाच गल्लीत. तिनं टेबलावरचं पुस्तक उचललं आणि ओळीखाली बोट धरून वाचत बसली. मी चहा ठेवला, चहा झाला, तरी तिचं चालूच. बऱ्याच वेळानं विचारलं, "काय शोधायलीस गं?"

"आमची गल्ली कोणत्या पानावर हाय, बाई?"

मी म्हणाले, तुम्ही नव्हता ना गावात. आवाज जरा चढलाच माझा. ती शांतपणे म्हणाली, "आमी दरसाल नसताव." मग पुस्तक मिटून म्हणाली, "तिसरीत बी तुमी माझं नाव कमी केलतं."

तिनं टोमणा मारला नव्हता. आठवलं तसं बोलली होती. पण मला इतकी लाज वाटली की तो चहा मी तिच्या हातात न देता तसाच ओट्यावर ठेवला आणि आत निघून गेले. बाहेर आले तेव्हा ती म्हणाली की पुस्तकाचं कळल्यापासून सासूला तुमच्याशी बोलायचं आहे, यायलाच पाहिजे.

संध्याकाळी गेले. सासू सत्तरीची. अजूनही टोळीबरोबर जाते. सगळे फडात ऊस तोडत असतात तेव्हा ती कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, लहान पोरं सांभाळते. सुनेनं सकाळी माझ्याकडचं पुस्तक नेऊन तिला बारवेचं प्रकरण वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, "छत्री हुती, ते खरंय. ते छत्री घिऊन उभं ऱ्हायचे. गाळ आमी काढला."

शेवटच्या गल्लीतल्या बाया उतरल्या होत्या. ही तेव्हा नवी नवरी. तिची थोरली जाऊ सगळ्यांच्या पुढं, सगळ्यात खाली. टोपली हातोहात वर यायची. एक दिवस काम थांबवायची वेळ झाली, सगळ्या वर आल्या आणि थोरली म्हणाली, खाली ओल लागलीय, एवढं एक टोपलं काढून येते. ती खाली असताना कडेचा गाळ बसला. तिला वर काढेपर्यंत संपलं होतं सगळं. चार दिवसांनी बाया पुन्हा उतरल्या, आणि जिथं तिनं ओल बघितली होती तिथंच पाणी लागलं.

"तिला लेकरू न्हाई," म्हातारी म्हणाली. "फोटू न्हाई. दगूड न्हाई. तुमच्या पुस्तकात तरी असू द्या, बाई. मी बी आता किती दिवसाची?"

मी वही उघडली आणि विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. मला वाटलं, आठवतेय. मग तिचा चेहरा बघितला. तिला नाव माहीतच नव्हतं. थोरल्या जावेला नावानं हाक मारायची रीत नाही, ती कायम 'थोरली'. सासू-सासरे तिला 'मोठे' म्हणायचे. दीर बायकोचं नाव घेत नव्हता. त्या घरात तिला नावानं हाक मारणारं माणूसच नव्हतं, आणि आता ती सगळी माणसंही गेली. "लगीन झाल्यावर नाव बदलतेत की," म्हातारी पुटपुटली. "काय ठिवलं हुतं, मी कवा इचारलंच न्हाई." आणि ती रडायला लागली. मी तिथं आल्यापासून पहिल्यांदाच.

थोरलीचं माहेर झरीचं, एवढं कळलं. तिसऱ्या दिवशी मी एसटीत उभ्यानं झरीला गेले. या वयात हे धंदे कुणी सांगितलेत, असं स्वतःला बजावत गेले. घर सापडलं. तिच्या भावाचा नातू दारातच भेटला. भला माणूस, त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "आमाला अशी कुणी आत्याआजी हुती?" त्याला कोपऱ्यावरच्या एका म्हाताऱ्याकडं घेऊन गेले. म्हाताऱ्यालाही काही आठवेना. थोरलीला शाळेत घातलंच नव्हतं, तेव्हा शाळेत बघण्यात अर्थ नव्हता. परतीच्या बसमध्ये जागा मिळाली आणि मी बसल्याबसल्या रडले. थकवा होता तो बराचसा. पण सगळा थकवा नव्हता. नाव माहीत असलेली किती मुलं मी तीस वर्षं गैरहजर लिहिली, आणि ही एक त्या बारवेत शेवटपर्यंत हजर होती तर हिचं नाव कुणाकडं नाही.

सरपंच म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत बघू, बाई." पुढची आवृत्ती निघणार नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी म्हणाले, एक पान छापून आणते आणि मधे चिकटवते. मोठ्या घरचा नातू भेटायला आला. तो भांडेल म्हणून मी कंबर कसून बसले होते, तर बिचारा एवढंच म्हणाला, "तेवढी छत्री ठिवा, बाई. आजोबाची तेवढीच आठवण हाय." छत्री ठेवली.

पान छापायच्या आधी म्हातारीला वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. एके ठिकाणी मला थांबवलं, "ती मागं ऱ्हाईली न्हवती. ती परत गेली हुती." मी ते दुरुस्त केलं. नावाच्या जागी 'थोरली' लिहिलं होतं. हे चालेल का, असं विचारलं. ती म्हणाली, "चालंल. मी त्याच नावानं हाक मारायचे."

मग सून आणि मी माझ्या ओट्यावर पिठाची खळ घेऊन बसलो आणि आठवडाभर पानं चिकटवली. विकली गेलेली पुस्तकं घरोघरी जाऊन मागून आणली. लोकांनी दिली, जरा कुरकुरत दिली. चिकटवलेलं पान नीट बसत नाही, पुस्तक तिथंच उघडतं. उरलेले दोन गठ्ठे खाटेखाली गेले.

परवा दसरा झाला. काल सकाळी गल्लीत ट्रॅक्टर लागले, भांडी चढली, शेळ्या चढल्या. म्हातारी सुनेचा हात धरून माझ्याकडं आली आणि कमरेची पिशवी सोडून एक फडकं माझ्या हातात ठेवलं. आत चांदीचा टाक होता, गेलेल्या माणसाचा देवांत ठेवतात तसला, बोटाच्या पेराएवढा, झिजून गुळगुळीत झालेला. थोरली गेल्यावर दिरानं दुसरं लग्न केलं, तेव्हा रीतीप्रमाणं तिचा म्हणून हा टाक दुसरीच्या गळ्यात बांधला होता. दुसरीही गेली आणि टाक घरच्या देवांत आला. घर बंद ठेवून देव कुणाच्या भरवशावर सोडायचे, म्हणून म्हातारी सगळे देव दरसाल बरोबर नेते. थोरलीही पन्नास वर्षं टोळीबरोबर जात होती, आधी दुसरीच्या गळ्यात, मग कोपीच्या कुडाला बांधलेल्या पिशवीत.

"औंदा तिला तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या," म्हातारी म्हणाली. "ती आता पुस्तकात हाय. तिला फडात कशाला न्यायचं?"

मी टाक तिच्या पानात ठेवला आणि पुस्तक वरच्या फळीवर. ट्रॅक्टर गेले. दुपारी त्या गल्लीतून चालत आले. सगळ्या दारांना कुलपं, उंबऱ्यांवर काटी. त्या गल्लीतलं एकच माणूस या वर्षी गावात आहे, आणि ते माझ्या घरी आहे.