उतारावरची व्हॅन

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही निर्णय एकट्यानं घेतलेला नाही, आणि एकही निर्णय दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेतलेला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं अण्णांना छत्री विकत घ्यायची असेल अशा दिवसांत येळ्ळूरला मुक्कामाला जावं. छत्री काळी घ्यावी की रंगीत, लांब दांड्याची की घडीची, हे ते देवळासमोर बसलेल्यांना विचारतात, दूधवाल्याला विचारतात, शेजारच्या बांधावरच्या बाईंना विचारतात. एकदा फोनवर चुकून लागलेल्या एका अनोळखी माणसालाही त्यांनी सोडलं नव्हतं. "आता लागलाच हाय तर सांगा की, तुम्ही कुठली वापरता?" ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर असा भक्तिभाव असतो, की आपलं बोलणं इतकं मन लावून आजवर कुणी ऐकलंच नव्हतं असं सांगणाऱ्याला वाटावं. मग अण्णा बाजारात जातात, पहिल्या दिवशी मनात असलेलीच छत्री घेऊन येतात आणि भेटेल त्याला सांगतात, "तुमच्यामुळं चांगली मिळाली बघा." त्यात लबाडी नसते. त्यांना खरंच तसं वाटत असतं.

अण्णा म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, आक्कांचे, यजमान. बेळगावातल्या एका फौंड्रीत नोकरी आणि नोकरीच्या आधी-नंतर येळ्ळूरचा भाताचा मळा, असं त्यांचं आयुष्य गेलं. या आयुष्यात त्यांनी एक गोष्ट मात्र कुणालाही न विचारता केली असं म्हणतात. ती म्हणजे त्यांची साय रंगाची व्हॅन. माझ्या लग्नात मी ती पहिल्यांदा पाहिली, तेव्हाच ती जुनी होती.

या व्हॅनचा स्टार्टर मनात आलं तर चालायचा. त्यामुळे अण्णा गाडी नेहमी उतारावर लावायचे, म्हणजे ब्रेक सोडला की ती आपोआप घरंगळून चालू व्हायची. हे एकदा अंगवळणी पडल्यावर त्यांचं सगळं जगच उताराप्रमाणे बेतलं गेलं. बेळगावात दातांचे डॉक्टर पुष्कळ, पण अण्णांचे डॉक्टर कोण, तर ज्यांच्या दवाखान्यापुढे रस्ता खाली उतरतो ते. केस कापायला ते शहापूरच्या एका टोकाला जायचे. तो न्हावी केस बरे कापत नाही हे त्यांच्या डोक्याकडे पाहून कुणालाही कळायचं, पण त्याचं दुकान चढावर होतं. थोरल्या मुलीला काकतीचं स्थळ आलं तेव्हा घर पाहून परतलेल्या अण्णांना आक्कांनी विचारलं, "पोरगा कसा हाय?" अण्णा म्हणाले, "घर उंचावर हाय गं. गाडीची काय काळजी न्हाय." पोरगाही चांगला निघाला हे आम्हा सगळ्यांचं नशीब.

गाडीचं मागचं सरकतं दार फक्त बाहेरून उघडायचं. त्यामुळे गाडी थांबली की अण्णा स्वतः उतरून, वळसा घालून येत आणि दार सरकवून बाजूला उभे राहत. ज्यांना हे ठाऊक नसे त्यांना हा आपला मान वाटे. माझे एक सहकारी शिक्षक एकदा त्या गाडीतून उतरले, ते दिवसभर जरा ताठच चालत होते. हॉर्नचं आणखी वेगळं. कुठलीशी वायर कुठल्याशा वायरीला लागून गाडी डावीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजे. पिरनवाडीत एका डाव्या वळणावर कट्ट्यावर बसणाऱ्या एका म्हाताऱ्यांना वाटलं, हे गृहस्थ रोज जाताना आपल्याला हाक मारतात. ते हात वर करू लागले. अण्णांना वाटलं, बिचारे हात करतायत, म्हणून तेही हात करू लागले. पुढे त्या म्हाताऱ्यांनी गाडी थांबवून नातवाच्या बारशाचं आमंत्रण दिलं. अण्णा आणि आक्का झबलं-टोपडं घेऊन गेले, पोटभर जेवले, बाळाच्या कानात नावही सांगून आले. त्या घराचं आडनाव काय, हे त्यांना आजतागायत ठाऊक नाही.

आणि चढावर कुणी बोलायचं नाही, हा नियम. चढावर इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकावा लागतो, असं अण्णांचं म्हणणं. एकदा आमच्याकडच्या लग्नाला निपाणीला येताना गाडीत बायका गाणी म्हणत होत्या. तवंदीचा घाट लागला तसा अण्णांनी हात वर केला. सगळ्या गप्प. तेवढ्यात एक तान्हं मूल रडायला लागलं. अण्णा मागे न बघता म्हणाले, "त्येला सांगा, वर गेल्यावर रड म्हणून." आणि काय आश्चर्य, ते मूलसुद्धा गप्प बसलं.

तर अशी ती व्हॅन दोन वर्षांपूर्वी धूर सोडायला लागली. अण्णा ती वडगावच्या आपल्या जुन्या मेकॅनिककडे घेऊन गेले. मेकॅनिकचं शेड यंत्रमागांच्या शेजारी. साड्या विणणाऱ्या मागांचा खडखडाट एवढा, की इंजिन चालू आहे का बंद हेच कळेना. अण्णा सरळ शेजारच्या कारखान्यात शिरले आणि हात जोडून म्हणाले, "जरा बंद करतासा काय माग? आमच्या गाडीला बरं न्हाय." विणकरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खरंच माग थांबवले. वर दोघंतिघं बाहेर येऊन बॉनेटभोवती उभेही राहिले. सगळ्यांनी मिळून तो आवाज ऐकला. मेकॅनिकनं कापडाला हात पुसले. त्याची घरची भाषा कन्नड. तो म्हणाला, "साकु अण्णा, साकु. पुरं झालं आता. इंजिनचं काम काढूया, न्हायतर गाडी काढूया. दोनातलं एक काय ते ठरवा."

ठरवा, हा शब्द अण्णांपुढे उच्चारून मेकॅनिकनं येळ्ळूरला केवढं काम लावलं याची त्याला कल्पना नसावी. देवळासमोर रोज सकाळी बैठक भरू लागली. काही जण म्हणत, इंजिन उघडा, जुन्या पत्र्याची गाडी पुन्हा मिळायची नाही. काही म्हणत, आज इंजिन, उद्या गिअर, परवा आणखी काही, त्यापेक्षा नवी घ्या. दोन चुलतभावांमध्ये त्यावरून अबोला झाला, तोही अण्णांनीच मिटवला. मुलगी काकतीहून फोन करून सांगे, "आप्पा, ती गाडी आता द्या सोडून." आणि शेवटी मला निपाणीला फोन आला. "मास्तर, तुम्ही शिकलेली माणसं. या एकदा. तुम्हास्नी काय वाटतंय ते सांगा."

आम्ही दोघं गेलो. दारातच माझ्या लक्षात आलं, की या वेळी अण्णांच्या मनात आधीपासून ठरलेली छत्री नाही. ते खरोखरच विचारत होते. कारण आक्कांचे गुडघे. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं पुढे ढकललं होतं, आणि व्हॅनची पायरी उंच. अण्णांनी त्यासाठी एक लाकडी चौरंग करून घेतला होता. आक्का त्यावर एक पाय ठेवायच्या, एक हात अण्णांच्या खांद्यावर, दुसरा स्वतःच्या गुडघ्यावर, आणि ओठ घट्ट मिटून आत चढायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "काय न्हाय, सवय हाय." आपल्यामुळे ही गाडी जावी हे त्यांना नको होतं. आणि गाडीमुळे यांचे हाल व्हावेत हे अण्णांना नको होतं. दोघंही दुसऱ्यासाठी अडून बसले होते, आणि मधे मला पंच म्हणून बोलावलं होतं.

"नुसतं बघून येऊ," असं म्हणत आम्ही चौघं बेळगावात गाड्यांच्या एका शोरूमला गेलो. अर्थातच शोरूमच्या अलीकडे, उतार पाहून व्हॅन लावून, चालत. तिथल्या हसतमुख विक्रेत्यानं आधी कन्नडमध्ये, मग हिंदीत आणि अण्णांचं एक वाक्य ऐकल्यावर मराठीत स्वागत केलं. अण्णा एका लहानशा कारच्या स्टिअरिंगपुढे बसले आणि मुलगी पाहायला आलेल्या मंडळींसारखे प्रश्न विचारू लागले. "दारं आतनं उघडत्यात?" "हो सर." "सगळी?" "सगळी सर." अण्णांचा विश्वास बसेना. त्यांनी चारही दारं उघडून पाहिली. विक्रेत्यानं बटण दाबून गाडी चालू करायला सांगितलं. अण्णांनी दाबलं. थोडा वेळ वाट पाहिली. "झाली न्हाय की चालू."

"झालीय सर."

अण्णा खाली उतरले, बॉनेटला कान लावला. "मग बोलत का न्हाय?"

माझी बायको हसून हसून खांबामागे गेली. तोवर विक्रेत्यानं दुसऱ्या बाजूचं दार उघडून आक्कांना म्हटलं, "मॅडम, तुम्ही पण बसून बघा." आक्का नको नको म्हणत पुढे झाल्या, वळल्या आणि खुर्चीत बसावं तशा सहज बसल्या. पाय आत घेतले. पाठ टेकली. गार वारा तोंडावर आला तसे त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग एकदम भानावर येऊन म्हणाल्या, "बरी हाय. पण आपली काय वाईट हाय?"

अण्णा आक्कांच्या गुडघ्यांकडे पाहत होते.

परतताना चौरंग मांडला गेला, आक्का ओठ मिटून चढल्या, गाडी घरंगळली. वडगाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना भाताची कापलेली शेतं लागली. अण्णांनी गाडी कडेला घेतली आणि समोर बघतच म्हणाले, "घिऊया."

"माझ्यासाठी घ्यायची न्हाय हं," आक्का लगेच म्हणाल्या. "तुमचा जीव हाय हिच्यात."

"तू गुडघ्यावर हात न ठेवता बसलीस. मी बघितलो."

"मग काय झालं?"

"मग काय न्हाय. मी बघितलो, एवढंच सांगालोय."

आक्का खिडकीबाहेर पाहू लागल्या. माझ्या बायकोनं पुढे होऊन बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. आपला नवरा आपल्याकडे एवढं लक्ष देऊन पाहतो हे इतक्या वर्षांनी पाहुण्यांसमोर उघड झाल्यामुळे त्या लाजल्या होत्या की काय, कोण जाणे. मला काही मत विचारलं गेलं नाही, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानले.

याचं कारण आता सांगतो. मला कुणी विचारलं असतं तर मी "विका" म्हणू शकलो नसतो. माझी आई आजारी पडली त्या वर्षी तिचे उपचार बेळगावात चालायचे. निपाणीहून तिला दर खेपेला नेणं-आणणं झेपण्यासारखं नव्हतं. आम्ही काही बोलायच्या आधीच अण्णा व्हॅन घेऊन दारात आले आणि आक्कांनी आईचं अंथरूण त्यांच्या सोप्यात घातलं. साडूची आई आपली कोण लागते, याला मराठीत शब्द नाही. तरी कित्येक महिने आई त्या घरात राहिली. अण्णा तिला दवाखान्यात नेत, बाहेर बाकावर बसत आणि घेऊन येत. मी शाळा सांभाळून रविवारी जायचो. आई बरी होऊन निपाणीला आली, वर्षभर आमच्यात राहिली आणि मग गेली. या सगळ्याबद्दल अण्णांना काही म्हणायला गेलं की ते पिकपाण्याचं बोलायला लागत.

नवी कार दारात आली. गावातल्या प्रत्येकानं ती आपल्याच सल्ल्यानं घेतली असं समजून पेढा खाल्ला, आणि दुरुस्तीच्या बाजूचेही त्यात होते. व्हॅन मेकॅनिकला द्यायची ठरली. तिचे चांगले भाग तो दुसऱ्या गाड्यांना लावणार होता. ती पोचवायला अण्णांनी मला सोबत घेतलं. मी पुढे, त्यांच्या शेजारी बसलो. गावाबाहेर पडल्यावर राजहंसगडाच्या बाजूला एक मोकळा माळ दिसतो. तिकडे हात करून अण्णा म्हणाले, "तुमच्या आईनं हितं गाडी चालवली, मास्तर."

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं.

"दवाखान्यातनं येत हुतो. म्हणाल्या, अण्णा, जल्मभर मागं बसले, हे चाक हातात धरून कसं वाटतंय ते एकदा बघायचंय. मी म्हटलं, बघा की. माळावर घेतली गाडी, त्येंना हितं बसवलं. मी गिअर टाकून दिलो. पदर खोचल्या आणि धरल्या की चाक! सरळ न्हाय, अशी गोल गोल गेली गाडी. शेरडं पळाली. मीच वराडलो, आई, ब्रेक! तर म्हणत्यात, त्यो कुठला, ते तुम्ही सांगितलाच न्हायसा."

"मग?"

"मग काय, आक्सिलेटरवरचा पाय सुटून आपसूक बंद पडली. त्या हसत हुत्या, गाडी बंद पडल्यावरबी हसत हुत्या. मला म्हणाल्या, आमच्या बाळाला सांगू नका, त्यो रागवंल. म्हणून सांगितलो न्हवतो."

त्या वर्षातली आई मला आठवते ती पांढऱ्या चादरीवर, भिंतीकडे तोंड करून झोपलेली. पदर खोचून, दोन्ही हातांनी चाक धरून, शेरडांच्या मागे गोल गोल फिरणारी आई माझ्याकडे नव्हती. या वेळी अण्णांनी पिकपाण्याचा विषय काढला नाही.

वडगावात किल्ली मेकॅनिकच्या हातात देऊन आम्ही रिक्षात बसलो. रिक्षा गावाच्या रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, "अण्णा, ते आईचं परत एकदा सांगा की." आणि अण्णा दवाखान्यातून निघाल्यापासून पुन्हा सगळं सांगू लागले. या खेपेला आईनं माळाला एक फेरी जास्त मारली आणि शेरडांच्या जोडीला दोन म्हशीही पळाल्या. मी मधे बोललो नाही.