निळ्या पायांचा पहारेकरी

घरात तिला बारकी म्हणत. साठी उलटली, केस पांढरे झाले, तरी थोरल्या भावाच्या आणि वहिनीच्या तोंडी ती बारकीच राहिली. बाहेर तिला ‘भिंगवाल्या बाई’ म्हणत. धातू ओतून केलेल्या जुन्या जपानी खेळण्यातल्या रोबोंचं वेड असलेले जे थोडे लोक होते, त्यांच्यात तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. बाई हो म्हणाल्या की हो, नाही म्हणाल्या की नाही.

ही नजर तिला खेळण्यांनी दिली नव्हती. नळाच्या तोट्या आणि कुलपांच्या पेट्या ओतणाऱ्या कारखान्यात ती बावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसली. वितळलेलं जस्त साच्यात दाबून भरायचं, थंड झालं की वस्तू बाहेर. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे केसाएवढी रेघ उमटते. वस्तू बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे गोल वण राहतात. आतल्या अंगाला साच्याचा आकडा असतो. दिवसाला दोन हजार नग हाताखालून जायचे. इतर बायका गप्पा मारता मारता तपासत, हिला मात्र तोटी उचलल्याबरोबर समजायचं की ही कुठल्या साच्यातली आणि तो साचा आता म्हातारा झालाय की नाही.

दादाचं खेळणी दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, रस्त्याकडे तोंड असलेली एक खोली. परदेशातून जुन्या सामानाची खोकी यायची, त्यातली मोडकी खेळणी तो भंगाराच्या भावाने उचलायचा आणि धड करून विकायचा. त्याचा हात असा, की कुठे मोडलं होतं ते मोडणाऱ्यालाही सापडू नये. एका रविवारी बारकी त्याचा डबा घेऊन गेली, तर टेबलावर दोन रोबो उभे होते. वीतभर उंच, लाल छातीचे, मनगटाचा खटका दाबला की मूठ सुटून लांब जाऊन पडायची. या जातीला सगळे ‘पहारेकरी’ म्हणत. तिने एक उचलला, दुसरा उचलला.

“दादा, हे वेगळे आहेत.”

“एकाच कंपनीचे गं. वेगळे कसे असतील?”

“याच्या टाचेतली चाकं पितळी दांडीवर आहेत, त्याची लोखंडी. आणि हा साचा जुना झालेला. बघ, कानापाशी रेघ जाड आलीय.”

दादाने चष्मा वर केला. दहा वर्षं तो हे रोबो जोडत होता, आणि त्याला कधी दिसलं नव्हतं. त्याच संध्याकाळी तिने वही सुरू केली. एका प्रकाराला एक पान. तळपायावरचा शिक्का खोल की उथळ, पाठीचा स्क्रू कुठल्या खाचेचा, छातीवरचं चिन्ह रंगवलेलं की चिकटवलेलं, लाल रंग विटेकडे झुकणारा की रक्ताकडे. कंपनीने सहा वर्षांत साचे झिजवले, बदलले, रंगवाले बदलले. ते सगळं कुठेच लिहिलेलं नव्हतं. जे होतं ते त्या धातूच्या अंगावरच, आणि ते वाचणारी ही एक.

ती शेहेचाळीस वर्षांची असताना कारखान्याने तपासणीसाठी यंत्र आणलं. टेबलावरच्या अकरा बायकांना एका दिवसात घरी बसवलं. लग्न दोनदा जमत आलं होतं आणि दोनदा फिसकटलं होतं. तिसऱ्यांदा कुणी विषय काढला नव्हता. तेव्हा ती दादाकडेच राहायची. त्या घरात ती भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. वहिनीने ताट पुढे केलं की चार घास चिवडायचे आणि उठायचं. चार महिने वहीवर धूळ साचली.

मग एका दुपारी दादा जुन्या टॉवेलात काहीतरी गुंडाळून घेऊन आला.

“बघ जरा. कालच्या खोक्यात निघाला. मला काही कळत नाही.”

पहारेकरीच होता. पण गुडघ्यापासून खाली दोन्ही पाय निळे.

ती उठून बसली. तोंड धुतलं, भिंग पुसलं. असा पहारेकरी कुणी पाहिला नव्हता, निदान कुणी लिहून ठेवला नव्हता. दोन दिवस ती त्याच्यावर वाकून होती. रंग मूळचाच, वरून दिलेला नाही. पाय मांडीच्या खोबणीत दाबून बसवलेले असतात, तिथे ओरखडासुद्धा नाही. एकच गोष्ट खटकत होती. इतर सगळ्या पहारेकऱ्यांत दोन्ही पायांच्या आतला आकडा एकच असायचा. याच्या डाव्या पायात तीन होता, उजव्यात पाच.

आपल्या कारखान्यात शेवटचा माल पुरा करायला उरलेसुरले भाग कसे लावत, ते तिने पाहिलं होतं. तिकडेही तसंच झालं असणार. तिने नवं पान काढलं आणि लिहिलं: ‘निळे पाय. डाव्यात तीन, उजव्यात पाच. न जुळणारे आकडे हीच अस्सल नगाची खूण.’ त्या दिवशी ती पोटभर जेवली.

त्या पानाने तिचं नाव झालं. शहरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने फोटो काढून चार ठिकाणी पाठवला आणि तो रोबो एका संग्राहकाला विकून दिला. संग्राहकांच्या मंडळाकडून पत्र आलं. मग लोक खोकी घेऊन दारात येऊ लागले. वहीचं मंडळाने पुस्तक केलं, एकूण दोनशे बारा प्रकार. पुढच्या पंधरा वर्षांत आणखी पाच निळे पहारेकरी वेगवेगळ्या देशांत निघाले. पाचांच्याही पायांत तीन आणि पाच. प्रत्येक वेळी फोटो आला की ती दादाला दाखवायची. तो बघायचा, “हं,” म्हणायचा आणि हातातल्या कामाकडे वळायचा. स्वभावाने तो अबोलच, तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दादाची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा तो बहात्तर वर्षांचा होता. दवाखान्यात दुपारची पाळी बारकीची. एके दिवशी वहिनी घरी गेल्यावर तो म्हणाला, “बारके, एक सांगायचं राहिलंय. तो निळ्या पायांचा.”

“त्याचं काय?”

“तो मी केला.”

औषधाने बरळतोय असं समजून तिने पांघरूण सारखं केलं. पण त्याचे डोळे चांगले जागे होते.

“पाणबुड्या म्हणून एक रोबो असायचा, त्याच कंपनीचा, निळ्या पायांचा. मोडके दोन आले होते. दोघांचा एकेक पाय धड होता. तू तशी भिंतीकडे तोंड करून पडलेली. मला दुसरं काय येत होतं?”

पाणबुड्या तिने पुढे पाहिले होते. पायांचा साचा तोच आहे हेही तिच्या लक्षात आलं होतं. पण तोवर पान छापून झालं होतं आणि तिचं उत्तर तयार होतं: उरलेले पाय, कारखान्यातच लावलेले.

“तीन आणि पाच,” ती म्हणाली.

“आकड्यांचं माझ्या डोक्यातच आलं नाही. तू विचारलं असतंस तर तिथेच पकडला गेलो असतो. मी वाटच बघत होतो. पण तू विचारलं नाहीस. तूच कारण शोधून दिलंस.”

मग तिने विचारलं, “आणखी किती?”

“असतील दोन-तीन.”

“कुठले?”

“तू मधेमधे उदास व्हायचीस ना, तेव्हा. एकाची मूठ बदलली होती. एकाचं छातीवरचं काहीतरी. आठवत नाही गं आता.”

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन गेली. खाटेशी स्टूल ओढून एकेक पान वाचून दाखवायची. “हा?” तो म्हणायचा, “नाही.” “हा?” “असेल.” मंगळवारी ज्या पानाला हो म्हणाला, त्याच पानाला गुरुवारी नाही म्हणाला. वहिनी म्हणाली, “बारके, त्याला जरा झोपू दे.” ती पाच मिनिटं थांबायची आणि पुन्हा पान उघडायची. असे नऊ दिवस गेले. एकशे चाळिसाव्या पानापर्यंत ते पोचले होते. दहाव्या दिवशी ती गेली तेव्हा खाटेवरची चादर बदललेली होती.

भावाशी शेवटचं बोलणं कुठल्यातरी स्क्रूच्या खाचेबद्दल झालं, हे तिला पुढे कितीही विसरायचं म्हटलं तरी विसरता आलं नाही.

तेराचौदा दिवसांनी वहिनी भांडी विसळत होती, तेव्हा तिने विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

वहिनीने नळ बंद केला. “होतं.”

“इतकी वर्षं?”

“तू चार महिन्यांनी धड जेवलीस त्या दिवशी. मी कुठल्या तोंडाने बोलणार होते?”

दुसऱ्या दिवशी बारकी मंडळाच्या चिटणिसाकडे गेली. चिटणीस बँकेतला अधिकारी, पंचेचाळिशीचा, अतिशय गोड बोलणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“बाई, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो.”

“दुःखाचा काय संबंध? तो पाय पाणबुड्याचा आहे. पान काढून टाका.”

“पण मग बाकीचे पाच? तेही दादांनीच केले?”

“ते माझं पुस्तक वाचून कुणीकुणी केले.”

“पाच देशांत पाच जणांनी? तीन आणि पाचचीच जोडी जमवून?”

“मीच लिहून ठेवलंय ना, तीन आणि पाच बघा म्हणून. पायाच्या साच्यांचे सहाच आकडे आहेत. जमवायला कितीसा वेळ लागतो?”

तो हसला, वाईट वाटू नये असं. “तुमच्या पुस्तकात तपासणी आहे, मोजमापं आहेत. आणि उलट बाजूला काय, तर आजारी माणसाचं बोलणं, तेही एकट्या तुम्ही ऐकलेलं. मंडळाला पुरावा लागतो, बाई. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.”

तिने निळे पाय ज्यांच्याकडे होते त्या सहाही मालकांना पत्रं लिहिली. दोघांची उत्तरं आली. एकाने लिहिलं, की माझा अस्सल आहे याला बाकीचे पाच साक्षीला आहेत. उंदराला मांजर साक्ष, तसं ते होतं; पण छापील पुस्तकापुढे म्हण कोण ऐकतो? दुसऱ्याने तिच्या प्रकृतीची चौकशी केली होती. जुन्या वस्तूंचा दुकानदार तेवढा खरं बोलला. म्हणाला, “म्हातारी मेल्याचं दुःख नाही हो बाई, काळ सोकावला त्याचं आहे. आता एकट्याने कुणी थांबवायचा? सोडून द्या.”

सोडता येण्यासारखं ते नव्हतं. एक पान खोटं निघालं असतं तर तिने सोसलं असतं. पण आता दोनशे बारांपैकी कुठली दोन-तीन, हे तिला कळायला मार्ग नव्हता. रोबो दुनियाभर पांगले होते. तिच्या आवाक्यात होते अडतीस. ते ती महिना-दीड महिना पुन्हा पाहत राहिली. सत्तेचाळीस नंबरची मूठ बदललेली आहे, हे तिला सापडलं. ते तरी कशावरून सापडलं? खटक्याची तार आतून दादाच्या पद्धतीने वळवलेली होती, टोकाला अर्धा वेढा जास्त. हा वेढा तिने शेकडो वेळा पाहिला होता, लहानपणापासून. म्हणून तर तिला तो कधी परका वाटला नव्हता. त्यानंतर तिला आणखी दोन ठिकाणी तसा वेढा दिसल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दिसला नाही. मोतीबिंदू झाला होता. डॉक्टर म्हणाले काढता येईल. तिने काढून घेतला. स्वच्छ दिसायला लागलं, पण खात्री काही परत आली नाही. पूर्वी हातात घेताच जे कळायचं, ते आता तासभर बघूनही कळेना.

वर्षभराने पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली. पहिल्या पानावर तिचा फोटो, मुखपृष्ठावर निळ्या पायांचा पहारेकरी. तिच्या पत्राचा उल्लेखही नव्हता. सत्तेचाळीस नंबर तसाच, आणि त्याच्या शेजारी ‘अतिदुर्मिळ’ असा नवा शब्द.

मग एक दिवस लांबून एक गृहस्थ आले, निवृत्त शिक्षक. डब्यात कापसात ठेवलेला पहारेकरी. छातीवरचं चिन्ह सोनेरीऐवजी रुपेरी. दोन गाड्या बदलून आले होते बिचारे. तिने रोबो हातात घेतला, उलटा केला, भिंग लावलं, आणि अर्धा तास तशीच बसली.

“काय वाटतं, बाई?”

“मला सांगता येत नाही.”

“म्हणजे खोटा आहे?”

“खोटा आहे असं नाही म्हणत. मला कळत नाही. आता मला कळत नाही.”

शिक्षकांनी हात जोडले. ही नम्रता आहे, असं त्यांनी धरलं. पुढच्या महिन्याच्या मंडळाच्या पत्रकात रुपेरी चिन्हाच्या पहारेकऱ्याचा फोटो आला, क्रमांक दोनशे तेरा, आणि खाली ओळ: ‘बाईंनी तपासला, हरकत घेतली नाही.’

तिने ते पत्रक वहिनीला वाचून दाखवलं. वहिनी म्हणाली, “आता गं?” ती म्हणाली, “आता काय.”

त्यानंतर तिने कुणाचं खोकं उघडलं नाही. लोक अजून येतात. दारात उभे राहून आत डोकावतात, आणि वहिनी, जिला आयुष्यात कधी धड खोटं बोलता आलं नाही, ती सकाळी अकरा वाजता त्यांना सांगते, की बाई झोपल्यात. आत बारकी भिंतीला टेकून बसलेली असते. बाहेरचे लोक आवाज न करता चपला घालतात आणि जातात.