आठल्यांचा लाल ठिपका

मुन्शी घाटामागच्या गल्लीत वेणीमाधव आठल्ये राहतात. दूधवाल्याचं माप असो की डॉक्टरचं निदान, स्वतः पडताळल्याशिवाय मानायचं नाही, हा त्यांचा बाणा. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं तंत्रज्ञ होते. तेवढ्या काळात कुणाला विजेचा झटका बसला नाही, ही त्यांची एकमेव फुशारकी. तपासून घट्ट केलेल्या प्रत्येक स्क्रूवर ते नेलपॉलिशचा लाल ठिपका देत.

परवा लेक स्वरदाने भंगारातून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणला. ती जुने रेडिओ दुरुस्त करते, आणि त्यातल्या काहींच्या उघड्या सांगाड्यातच घरची वीज खेळते. हा ट्रान्सफॉर्मर मध्ये असला की बाहेर येणाऱ्या विजेचा जमिनीशी संबंध तुटतो, म्हणून चुकून एका तारेला हात लागला तरी माणूस वाचतो. दोन्ही तारांना लागला तर मात्र देवही वाचवत नाही. दुसऱ्याच दिवशी तिला काम सुरू करायचं होतं.

"बाबा, डब्यात मीच बसवलाय. सब चेक किया है."

"त्या कबाडीचं तोंडच मला पसंत नाही," आठल्ये म्हणाले.

त्यांनी ट्रान्सफॉर्मरचा प्लग भिंतीतून काढून सदऱ्याच्या खिशात कोंबला. प्लग आपल्या खिशात असला की दुसरं कुणी वीज चालू करू शकत नाही, ही त्यांची जुनी रीत. मग इन्सुलेशन तपासायचा हातमेगर काढला. आधी आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या गुंडाळ्यांमध्ये लावून फिरवला. सगळं ठणठणीत! आठल्यांचा जरा विरसच झाला. मग बाहेरची गुंडाळी आणि लोखंडी डबा यांच्यात लावला. काटा धाडकन शून्यावर आला, म्हणजे दोन्ही कुठेतरी एकमेकांना जोडलेली होती.

"बघ! म्हटलं नव्हतं, बदमाश आहे!"

त्यांनी तावातावाने डबा उघडला. आत, बाहेरच्या गुंडाळीच्या एका टोकापासून अर्थिंगच्या स्क्रूपर्यंत एक नवी हिरवी तार नीटनेटकी जोडलेली होती. स्क्रूवर लाल ठिपका होता.

"ती मी लावली," स्वरदा म्हणाली. "लहानपणापासून तुम्हीच सांगता ना, अर्थिंगशिवाय काही चालवायचं नाही?"

आठल्ये डब्यावर वाकून ती तार पाहू लागले. डब्याला अर्थिंग हवंच. पण बाहेरची तारही जमिनीला बांधली की तोडलेला संबंध पुन्हा जुळतो. उद्या पोरीने भरवशाने रेडिओच्या सांगाड्याला हात लावला असता. सगळ्या जगावर संशय घेतला, पण आपल्या शिकवण्यावर कधी घेतला नाही. नियम घोकून घेतला आणि त्याचं कारण सांगायचं राहूनच गेलं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

"चूक माझी," ते म्हणाले. हे शब्द त्या घरात कुणी ऐकले नव्हते. मग त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं, अगदी 'का' सकट. तिने हिरवी तार काढली. त्यांनी पुन्हा मेगर फिरवला. या खेपेला काटा शून्याकडे फिरकला नाही. सवयीने त्यांनी नेलपॉलिशची बाटली उघडली.

स्वरदाने ती त्यांच्या हातून काढून घेतली.

"ठिपका नंतर. आधी मी तपासणार. प्लग कुठाय?"

आठल्यांनी खिशातून प्लग काढला. तिने तो घेतला आणि आपल्या खिशात ठेवला.